उशिराची काठी

३ ऑक्टोबर

आजपासून मी मार्गरक्षक. नगरपालिकेने पिवळं जाकीट दिलं. पाठीवर मोठ्या अक्षरांत पद लिहिलंय, म्हणजे मागून येणाऱ्याला माझा दरारा वाटेल. समोरून येणाऱ्याने माझ्या चेहऱ्यावरून काय ते समजून घ्यावं. एक सरकारी वही पण मिळाली, तिच्यात रोजचा अहवाल लिहायचा. ही दुसरी वही माझी. अडतीस वर्षं दुसऱ्यांची टपालं पोचवली, आता चार ओळी स्वतःला लिहिल्या तर कुणाच्या पोटात दुखायचं कारण नाही.

मार्गाचं नाव 'जलस्पर्श मनोरंजन मार्ग'. तळ्याभोवती चौदा किलोमीटर बारीक खडी, बाक, कचऱ्याच्या टोपल्या आणि व्यायामाचे लोखंडी सांगाडे. हे आखणारा इंजिनिअर गाश्पेर राजधानी ल्युब्लियानाहून आला तो नेमका ऑगस्टमध्ये. ऑगस्टमध्ये आमचं तळं नसतं. ते उन्हाळ्यात जमिनीतल्या विवरांतून खाली निघून जातं, आम्ही त्याच्या तळात गवत कापतो, आणि शरदात डोंगरावर पाऊस झाला की त्याच विवरांतून ते वर येतं. गाश्पेरने फानीच्या खाणावळीत विचारलं, "तळं कुठंय?" फानी म्हणाली, "बाहेर गेलंय. येईल." पोराला वाटलं, बाई विनोदी आहे. त्याने सपाट हिरवळ बघितली आणि तिच्या कडेकडेने दोरी धरल्यासारखा रस्ता काढला.

नकाशा महिनाभर नगरपालिकेत टांगला होता. अख्खं गाव बघून आलं, फुकटची कॉफी प्यायलं, आणि कुणी चकार शब्द काढला नाही. आमच्याकडे पाणी कुठवर येणार ते तोंडाने सांगत नाहीत. सांगितलं की ते हट्टाने आणखी वर येतं, असं म्हातारे म्हणायचे. तरण्यांना विचारलं तर ते हसतात, पण सांगत तेही नाहीत.

नगराध्यक्षा नेवेन्काबाईंनी आज माझा हात दोन्ही हातांत धरला. अकरा नोव्हेंबरला, संत मार्टिनच्या दिवशी, मंत्रालयाचे साहेब येणार आणि पूर्ण फेरी चालणार. तोपर्यंत मार्ग अखंड राहिला पाहिजे. कुठे वळसा पडला तर चालेल, तुटला तर मात्र मार्ग मंत्रालयाच्या यादीतून बाद. आणि मार्गरक्षक जाकिटासकट बाद, हे त्या बोलल्या नाहीत पण डोळ्यांत दिसलं. "लुडविक, सगळी भिस्त तुमच्यावर," म्हणाल्या. बायको, इव्हा, गेल्यापासून चार वर्षांत माझ्यावर कुणी भिस्त ठेवली नव्हती. जाकीट जरा घट्ट होतंय, पण छाती काढून चालतो म्हणून असेल.

८ ऑक्टोबर

तीन दिवस डोंगरावर पाऊस. आज सकाळी कुरणात आरसे पडल्यासारखी डबकी. तळं घरी आलं.

संध्याकाळी फेरीवर गेलो तर माझ्या नव्याकोऱ्या मार्गाच्या कडेला एक काठी रोवलेली. वाळुंजाची, साल सोललेली, कमरेएवढी. म्हणजे गुस्टेल अजून हा उद्योग करतोय.

गुस्टेल माझा थोरला भाऊ. माझ्या घरापासून त्याचं घर दोनशे पावलांवर आहे आणि चौदा वर्षं आम्ही एकमेकांशी बोललेलो नाही. आमच्या घराण्यात थोरल्याकडे काठी असते. तो संध्याकाळी विवरांच्या तोंडाशी कान लावतो, काय ऐकतो ते त्यालाच ठाऊक, आणि उद्या सकाळी पाणी जिथवर येईल तिथे काठी रोवतो. बोलायचं नाही, विचारायचं नाही. लोकांनी काठी बघायची आणि आपापलं गवत, गुरं, होड्या हलवायच्या. बापानंतर काठी गुस्टेलकडे आली, आणि चौदा वर्षांपूर्वी एका सकाळी आमचं दोघांचं गवत वाहून गेलं. तेव्हापासून गावात म्हण झाली, 'गुस्टेलची काठी, उशिराची काठी'. पाणी येऊन गेल्यावर रोवायची. वरातीमागून घोडं. मीच नाव पाडलं, असं लोक म्हणतात. असेल.

काठी मी उपटली. मार्गावर परवान्याशिवाय फलक, खांब किंवा तत्सम वस्तू उभारता येत नाही, कलम सहा. काठी तत्सम वस्तूत मोडते.

९ ऑक्टोबर

उपटलेल्या काठीचं भोक राहिलं होतं, पाणी बरोबर तिथवर आलं. योगायोग.

१२ ऑक्टोबर

गावाखालचा सहाशे मीटरचा पट्टा पाण्यात. दोन बाक फक्त पाठीपुरते दिसतात. व्यायामाच्या सांगाड्यावर एक बगळा उभा होता, तेवढाच काय तो मार्गाचा लाभार्थी. गाश्पेर गुडघाभर पाण्यात उभा राहून नकाशा उलटा-सुलटा करत होता.

"लुडविककाका, हे असं दरवर्षी होतं?"

"नाही. काही वर्षी जास्त होतं."

"मग मला कुणी सांगितलं का नाही?"

"तू विचारलंस का?"

"मी विचारलं होतं तळं कुठंय म्हणून."

"मग फानीने खरं तेच सांगितलं की."

वळसा काढायचा तर एकच उंच जागा आहे. गुस्टेलचं अंगण. घर आणि सरपणाचं खोपट यांच्यामधून, नाशपातीच्या झाडाखालून, मागच्या फाटकातून वर टेकडीवरच्या छोट्या देवळापाशी. मी म्हटलं, दुसरा पर्याय शोधा. गाश्पेरने नकाशा पुढे केला. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला कडा. देवाने मधे फक्त गुस्टेल ठेवलाय.

परवानगी मागायला मी जाणार नाही, हे स्पष्ट सांगितलं. गाश्पेर गेला आणि दहा मिनिटांत सही घेऊन आला. गुस्टेलने कागद वाचलासुद्धा नाही. एवढंच विचारलं, "बाणाचे फलक लावायला कोण येणार?" पोराने माझं नाव सांगितलं. तर म्हणे तो "हं" म्हणाला, उठला, आणि दोन्ही फाटकं उघडून त्यांना दगड लावून आला.

यात काहीतरी डाव आहे. हा माणूस चौदा वर्षं मला पाण्यात पाहतोय, उगाच फाटक उघडणार नाही.

१६ ऑक्टोबर

फलक तेरा तारखेलाच लावले. तो ओसरीवर बसला होता. मी त्याच्याकडे बघितलं नाही. त्याने बघितलं की नाही हे मला माहीत नाही, कारण मी बघितलंच नाही.

वळसा जोरात चालू आहे. शनिवारी सत्तरेक माणसं गेली. गुस्टेल बाकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला नाशपाती वाटतो, जणू मार्ग त्याच्या वडिलांचा. (वडील माझेही होते.) सरपण मात्र अंगणात तसंच पडलेलं, न फोडलेलं. दर सप्टेंबरात याचं सरपण मोजपट्टीने रचल्यासारखं असायचं. यंदा मुद्दाम पसरून ठेवलंय, माझ्या मार्गाची शोभा जावी म्हणून. अहवालात 'परिसर अस्वच्छ' अशी नोंद केली.

दुपारी एक बाई मला म्हणाली, "तुम्हीच का ते लुडविक? वरच्या घरातले आजोबा विचारत होते, तुम्ही गमबुटात लोकरीचे पायमोजे घालता का."

बघा. लोकांच्या तोंडून माझं वय काढतो. मी सांगितलं, त्यांना म्हणावं माझे पाय मजबूत आहेत. पायमोजे घालतच नव्हतो. आजपासून घालतो, पण ते थंडी वाढली म्हणून.

२० ऑक्टोबर

गाश्पेरच्या उंचीच्या रेषा पाहून मी शास्त्रशुद्ध पद्धतीने 'मार्ग बंद'चे फलक लावले. सकाळी तिन्ही फलक पाण्याखाली. फानी होडीतून जाताना हात हलवून म्हणाली, "लुडविक, मासे वाचतायत रे. दोघं माघारी वळले."

फानी खाणावळ चालवते आणि गावच्या स्वयंसेवी अग्निशमन दलाची प्रमुखही आहे. त्यामुळे गावातली आग आणि चहाडी दोन्ही तिच्याच हातात. दुपारी गरम आंबट सलगमाची आमटी पुढ्यात ठेवत म्हणाली, "काठ्या बघ की. रोज लावतोय तो. तीन ठिकाणी. गिरणीपाशी, देवळाखाली आणि नाशपातीच्या उतारावर."

"उशिराच्या काठ्या," मी म्हटलं.

"मी काल संध्याकाळी बघितल्या. आज पाणी त्यांना टेकलंय. उशीर कुठे झाला?"

आमटीत मीठ जास्त होतं. तिला तसं सांगितलं.

२१ ऑक्टोबर

सहज म्हणून काठ्यांच्या दोन पावलं अलीकडे फलक लावले. शास्त्राला एक ढोबळ पडताळा असावा, इतकाच हेतू.

२२ ऑक्टोबर

पाणी काठ्यांशी. फलक कोरडे.

२७ ऑक्टोबर

नगरपालिकेच्या पत्रकात माझा फोटो. 'मार्गरक्षक लुडविक यांच्या अचूक निरीक्षणामुळे आठवडाभरात एकाही पादचाऱ्याचे पाय ओले झाले नाहीत.' नेवेन्काबाईंनी फोन करून विचारलं, "तुम्हाला पाण्याचं इतकं कसं कळतं हो?" मी म्हटलं, घराण्यातच आहे. हे खोटं नाही.

लाज वाटायचं कारण नाही. काठ्या उघड्यावर रोवलेल्या असतात, बघायला बंदी नाही. शिवाय त्या काही तो माझ्यासाठी रोवत नाही.

एक गोष्ट मात्र नोंदवतो. गिरणीपाशी आता काठी नसते. गेले चार दिवस देवळाखालीही नाही. फक्त नाशपातीच्या उतारावरची एक. म्हणजे आमच्या थोरल्या साहेबांनी काम कमी केलं. बाहत्तरावं लागलं नाही तोच अंगचोरपणा सुरू. बाप ऐंशीव्या वर्षी गिरणीपर्यंत चालत जायचा. मला गिरणीपाशी अंदाजाने फलक लावावे लागतात, याचा त्याला काही विचार आहे का?

१ नोव्हेंबर

सर्व संतांचा दिवस. आमचा अलिखित नियम असा की आईबापांच्या कबरीवर गुस्टेल सकाळी जातो आणि मी दुपारी. मेलेल्यांना तरी आमचं तोंड एका वेळी बघायला लागू नये.

आज दुपारी गेलो तर हा अजून तिथेच. स्मशानाच्या भिंतीवर बसलेला, टोपी गुडघ्यावर, तोंड उघडं. दमल्याचं सोंग. मी फाटकाबाहेर वीस मिनिटं मेणबत्त्या हातात घेऊन उभा. शेवटी उठला, भिंतीला धरून धरून चालत गेला, दर दहा पावलांवर थांबत. मला ताटकळत ठेवायचं, दुसरं काय. कबरीवर त्याने शेवंती ठेवलेली होती. आणि शेजारी इव्हाच्या कबरीवर पण. तिची मेणबत्ती लावून झालेली. इव्हाच्या दफनाला सगळ्यांच्या मागे उभा राहिला आणि जेवणाला न थांबता निघून गेला, तेव्हा कुठे गेलं होतं हे प्रेम? मी त्याला जेवायला थांब म्हणालो नव्हतो हे खरं आहे. पण बोलावल्याशिवाय थांबता येत नाही असं थोडंच आहे.

त्याची मेणबत्ती विझत होती. वाऱ्याने. माझ्या हाताचा आडोसा करून परत पेटवली, ती इव्हाची होती म्हणून.

४ नोव्हेंबर

काठी आज त्याच्या ओसरीपासून जेमतेम तीस पावलांवर. तीही वाकडी, खोल न रोवलेली. बोट लावलं तर पडली असती. सकाळी नऊ वाजेतो धुराड्यातून धूर नाही. माणूस इतका आळशावला की चूलसुद्धा उशिरा पेटवतो. वाकडी काठी मी जरा आत दाबली. उद्या कुणी अडखळलं तर नाव मार्गरक्षकाचं.

पाणी वाकड्या काठीला सुद्धा बरोबर येतं, हे मात्र मान्य करायला पाहिजे.

६ नोव्हेंबर

मोठी बातमी. पाणी थांबलं.

दोन दिवस ऊन आहे. आज संध्याकाळी उतारावर गेलो, काठी नाही. वर बघितलं, खाली बघितलं, कुठेच नाही. काठी नाही म्हणजे पाणी आहे तिथून हलणार नाही. अर्थ सरळ आहे, लहान पोरालाही कळेल. या उन्हात खालचा पट्टा बराच उघडा पडलाय, फक्त खडीवर चिखल आहे.

उद्या नेवेन्काबाई मार्टिनच्या दिवसाची रंगीत तालीम घेणार आहेत, शेजारच्या गावच्या निवृत्त मंडळाचे बारा सभासद घेऊन. दोन्ही हातांत काठ्या घेऊन चालतात ती मंडळी. मी बाईंना फोन केला, वळशाची गरज नाही, मूळ मार्ग खुला करतो. त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी मला 'लुडविकजी' म्हटलं.

दिवेलागणीच्या आत सगळे बाण काढले आणि गुस्टेलच्या फाटकावर आडवी फळी ठोकली. बरं वाटलं. आता त्याच्या दारात पाय ठेवायला नको. तो घरात नसावा. धूर नव्हता आणि फळी ठोकताना एवढा आवाज झाला तरी कुणी खिडकीशी आलं नाही. गेला असेल फानीकडे. कोंबड्या मात्र बाहेरच फिरत होत्या, कोंडायचं विसरलेला दिसतो.

७ नोव्हेंबर

बोटं सोललीत, अक्षर वाईट येईल.

सकाळी पाणी आलं. मागून, विवरांतून, एकदम. निवृत्त मंडळ पट्ट्याच्या मध्यावर होतं, नेवेन्काबाई सगळ्यांच्या पुढे, मी त्यांच्याही पुढे, छाती काढून. आधी खडी ओली झाली, मग घोटे, मग गुडघे. एक आजी म्हणाल्या, "जलस्पर्श म्हणतात तो हाच का?" फानीच्या दलाने दोन सपाट होड्या आणल्या आणि आम्हाला दोघादोघांना उचलून घेतलं. गाव काठावर जमलं होतं. कुणी हसलं नाही, म्हणजे घरी जाऊन हसणार.

मी चिडलो होतो. याने मुद्दाम काठी लावली नाही. माझी फजिती करायला बरोबर आजचा दिवस धरला. होडीतून उतरलो तो तसाच ओल्या बुटांनी त्याच्या अंगणात. चौदा वर्षांत पहिल्यांदा त्याच्या दाराशी, आणि तेही वाजवलं नाही, ढकलूनच आत गेलो. वाक्य तयार होतं तोंडात.

तो मोठ्या चुलीजवळ जमिनीवर पडला होता. बूट घातलेले, टोपी घातलेली, बाहेर निघायच्या तयारीत. हातात काठी. सोललेली, टोक केलेली. चूल गार, आणि तोही जवळजवळ तसाच. कालपासून तसा पडलेला. मी फळी ठोकत होतो तेव्हा तो आत पडलेला होता.

मी "फानी" म्हणून ओरडलो. माझा आवाज इतका लांब जातो हे मला माहीत नव्हतं.

गावाचा पूल पाण्याखाली, रुग्णवाहिका फक्त टेकडीवरच्या देवळापर्यंत येऊ शकत होती. तिथवर जायला एकच वाट. माझा वळसा. फाटकावरची फळी मी ठोकलेली, मीच तोडली, हाताने, पक्कड आणायला वेळ नव्हता. स्ट्रेचर दलाच्या चौघांनी धरलं. निवृत्त मंडळातले गुडघ्यापर्यंत भिजलेले म्हातारे चढावर त्यांना मागून आधार देत होते. नेवेन्काबाईंनी आपला कोट त्याच्यावर टाकला. मी पुढे, बाण काढल्यामुळे वाट दाखवायला.

नाशपातीखाली त्याने डोळे उघडले आणि माझ्याकडे बघितलं. मी पण बघितलं.

"नाशपातीच्या वर," तो म्हणाला. "चार पावलं."

चौदा वर्षांनी भावाशी बोलायचे पहिले शब्द. मी म्हटलं, "बरं."

मागून फानी कुजबुजली, "तोंडाने सांगितलं त्याने. असं सांगत नाहीत रे कधी."

८ नोव्हेंबर

काल दुपारी घरी आलो आणि लगेच कामाला लागलो. नाशपातीच्या वर चार पावलं म्हणजे पाणी खोपटात आणि कोंबड्यांच्या घरात शिरणार. अकरा कोंबड्या माझ्या माडीवर आणल्या. सरपण सगळं ओसरीवर रचलं, मोजपट्टीने, त्याला वाकडं रचलेलं चालत नाही. रचताना कळलं, एकेका ओंडक्यावर दोन-दोन, तीन-तीन अर्धवट घाव होते. फोडायचा प्रयत्न केलेला होता. जोर पुरला नव्हता.

आज सकाळी पाणी नाशपातीच्या वर चार पावलं. मी मोजली. दोनदा.

वळसा बुडाला. मार्ग तुटला. सरकारी वहीत एका ओळीत लिहिलं. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, खुब्याचं हाड मोडलंय, आणि हृदय निदान दीड-दोन महिने कमजोर चाललं असावं, दम लागत असेल, घरातल्या कुणाच्या लक्षात आलं नाही का? मी म्हटलं, तो एकटा राहतो. डॉक्टरांनी विचारलं, आपण कोण? मी म्हटलं, मी वळशाचं काम बघतो.

मग म्हटलं, भाऊ.

९ नोव्हेंबर

आज हे लिहून टाकतो. सरकारी वहीत जागा नाही आणि पाद्रीबुवांना सांगितलं तर फानीला कळायला अर्धा दिवसही लागणार नाही.

चौदा वर्षांपूर्वी काठी होती. वेळेवर होती. आदल्या संध्याकाळी, आमच्या गवताच्या गंजीच्या पार वर, तळ्यापासून इतकी लांब की मला हसू आलं. इतक्या वर पाणी येत नाही, गुस्टेलला नवीन मोठेपण मिरवायचंय, असं मला वाटलं. आणि गंज हलवायची म्हणजे दोघांची सबंध संध्याकाळ गेली असती. मी काठी उपटली आणि खाणावळीत गेलो. सकाळी गंज तरंगत होती. हिवाळ्याला चारा राहिला नाही, आईची गाय विकावी लागली. ती काठीच उशिरा आली, असं मी म्हटलं. लोकांनी ऐकलं. गुस्टेल काही बोलला नाही, म्हणून मला वाटलं, त्यालाही नक्की आठवत नसेल.

चौदा वर्षं त्याच्यावर चिडून राहणं हे सोपं काम नव्हतं. रोज करावं लागायचं.

त्याच्या ओसरीवर वाळुंजाच्या काठ्यांची मोळी आहे. सोललेल्या, टोक काढलेल्या. अठ्ठावीस. पूर्ण नोव्हेंबर पुरतील इतक्या.

११ नोव्हेंबर

संत मार्टिनचा दिवस. मंत्रालयाचे साहेब चामड्याच्या बुटांत आले. फेरी शक्य नव्हती, म्हणून खाणावळीतच हंसाचं मांस, तांबडी कोबी आणि नवी वाइन. नेवेन्काबाईंनी मला आधीच बजावलं होतं, "अभूतपूर्व पाऊस, एवढंच म्हणा. पुढच्या वर्षी एक संधी मिळू शकते. तुम्हालाही."

सगळं गाव तिथे होतं. साहेबांनी विचारलं, "इथल्या लोकांना पाणी कुठवर येतं याची काहीच कल्पना नसते का?"

मी उभा राहिलो. जाकीट घातलेलं होतं. म्हटलं, "असते. माझ्या भावाला असते. दोन आठवडे त्याच्या काठ्या बघून मी फलक लावले आणि नाव माझं छापून आलं. सहा तारखेला काठी नव्हती, कारण तो पडला होता. मी बघायला गेलो नाही, मार्ग खुला केला. आणि चौदा वर्षांपूर्वीची काठी उशिराची नव्हती. ती मी उपटली होती."

साहेबांना यातलं काय कळलं देव जाणे, त्यांनी वहीत काहीतरी टिपलं. कुणीतरी मागून म्हणालं, "आईची गाय." फानीने माझ्यापुढची वाइन उचलली. मला वाटलं, हाकलणार. तिने तिथे टेलिफोन आणून ठेवला आणि दवाखान्याचा आकडा फिरवला.

सगळ्यांसमोर बोलायचं म्हणजे शिक्षाच. नर्सने फोन त्याच्या कानाला लावला.

"गुस्टेल, मी लुडविक."

"हं."

"ती गवताची काठी. मी उपटली होती."

"माहितीये. खिडकीतून दिसतं. ऑक्टोबरातली पण तूच उपटलीस."

"मग चौदा वर्षं बोलला का नाहीस?"

मग म्हणाला, "आपल्यात तोंडाने सांगत नाहीत. लावायची आणि वाट बघायची." आणि मग, "कोंबड्या?"

"माझ्या माडीवर. अकरा."

"बारा आहेत."

"अकरा, गुस्टेल."

"बारा. एक नाशपातीवर झोपते. वेडी आहे ती."

मी फोन ठेवला आणि जाकीट काढून नेवेन्काबाईंच्या खुर्चीच्या पाठीला लावलं. घट्टच होत होतं. नाशपातीवर खरंच एक कोंबडी होती.

संध्याकाळी मोळीतली एक काठी घेऊन विवराच्या तोंडाशी गेलो. दगडावर कान लावला. मला पाण्याचा आवाज आला, आणखी काही नाही. तरी अंदाज केला, नाशपातीच्या खाली सहा पावलं, आणि काठी रोवली. खोल, सरळ. काठावरून तीन-चार जण बघत होते. कुणी काही विचारलं नाही. जाताना एकाने आपली होडी थोडी वर ओढली.

१२ नोव्हेंबर

पाणी काठीच्या चौदा पावलं खाली राहिलं. म्हणजे साफ चुकलो. होडी वर ओढणाऱ्याने मला बघून टोपीला हात लावला, यात टोमणा होता की नाही ते कळलं नाही.

गुस्टेलला फोन केला. चौदा पावलं, असं सांगितलं. तो खोकल्यासारखा काहीतरी आवाज करत होता. हसत होता.

मग विचारलं, "उपटलीस का?"

"नाही," मी म्हटलं. "आहे तिथेच आहे."